नव्याचे नऊ दिवस सरल्यावर: गॅजेटचा रिव्ह्यू लिहायला शिकताना

माझा पहिला रिव्ह्यू एका टेबलदिव्याचा होता. टेबलाच्या कडेला चिमट्याने अडकवायचा, लवचीक मानेचा, यूएसबीवर चालणारा. दिवा आणला आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याची तोंडभरून स्तुती लिहून मोकळा झालो. 'मान हवी तशी वळते आणि वळवली तिथेच राहते' हे वाक्य तर मला स्वतःलाच फार आवडलं होतं. तिसऱ्या आठवड्यात दिव्याने अक्षरशः मान टाकली. महिन्याभराने एका वाचकाने विचारलं, "तुमचाही दिवा खालीच बघतो का हो?" माझं वाचून त्याने एक सोडून दोन दिवे घेतले होते.

तेव्हापासून 'नव्याचे नऊ दिवस' ही माझ्यासाठी नुसती म्हण राहिली नाही, कामाचं वेळापत्रक झाली. त्या नऊ दिवसांत आपण वस्तूबद्दल लिहीतच नसतो, खरेदीच्या आनंदाबद्दल लिहीत असतो. ज्यांना हे काम नव्याने सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी मी आता ज्या क्रमाने करतो तो क्रम इथे देतो आहे.

वस्तू निवडणं

पहिल्या रिव्ह्यूसाठी काही विकत घेऊ नका. हौसेने आणलेल्या वस्तू निवृत्त होऊन पडलेला एखादा ड्रॉवर घरात असतोच. त्यातली एक उचला. ती तिथे का गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. सहा महिने वापरून बाजूला टाकलेल्या वस्तूबद्दल जे सांगता येतं, ते दोन दिवस हाताळलेल्या नव्याकोऱ्या वस्तूबद्दल कोणालाच सांगता येत नाही. शिवाय कंपनीकडे फुकट नमुना मागायची वेळ येत नाही. नमुना मागितला की लेखणीला आपोआप लगाम बसतो. आपण कितीही ताठ असलो तरी बसतो.

विचित्र वस्तू दोन जातींच्या असतात. काही दिसायला हास्यास्पद आणि वापरायला कामाच्या, तर काही दिसायला कामाच्या आणि वापरायला हास्यास्पद. कोणती कुठली हे ओळखण्यातच या कामाची अर्धी मजा आहे. जपानमध्ये केन्जी कावाकामी यांनी या प्रकाराला 'चिंदोगू' असं नाव देऊन त्याची कलाच केली. चिंदोगू म्हणजे खरीखुरी अडचण सोडवणारी, पण सोडवताना दुसरी मोठी पंचाईत करणारी वस्तू. उदाहरणार्थ, मांजराच्या पायांत घालायचे फरशी पुसणारे मोजे. मांजर फिरेल, फरशी पुसली जाईल. मात्र १९९५ साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या संग्रहात काठीच्या टोकाला कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढायचं साधनही होतं. तेव्हा लोक त्यालाही हसले. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, मिनोल्टा कंपनीच्या हिरोशी उएदा आणि युजिरो मिमा यांनी अशा दांड्याचं पेटंट घेतलं होतं, पण त्यावेळी तो चालला नाही. त्या काळच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी मागच्या बाजूला असे, त्यामुळे पुढे उभं राहून आपण चौकटीत आहोत की नाही, हे नीट कळत नसे. फोनला पुढचा कॅमेरा आला आणि तीच काठी 'सेल्फी स्टिक' म्हणून जगभर झाली.

म्हणून एखाद्या वस्तूला हसावंसं वाटलं की वहीत लिहून ठेवा: हसू कशाचं आलं? वस्तूच्या कल्पनेचं, की ती चालायला लागणारं दुसरं काहीतरी अजून नाही याचं? दोन्हींचे रिव्ह्यू वेगळे होतात.

खोकं उघडायच्या आधी कागद-पेन्सिल

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माल इथेच आहे. खोक्यावरचा प्रत्येक दावा एका कागदावर उतरवा आणि त्याच्यासमोर प्रश्न लिहा. 'जबरदस्त बॅटरी' हा दावा नाही, नुसती आरोळी आहे, तो सोडून द्या. '१०,००० एमएएच' (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) हा दावा आहे. 'वॉटरप्रूफ' ही आरोळी आहे, 'आयपीएक्स ७' (पाण्यापासून बचावाचा ठरलेला दर्जा) हा दावा आहे. ज्या खोक्यावर आरोळ्याच आरोळ्या आणि दावा एकही नाही, त्या वस्तूबद्दल तुम्हाला एक गोष्ट खोकं न उघडताच कळली.

मग थोडं गणित. शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकंच, त्याहून जास्त लागत नाही.

टेबलावर ठेवायचा 'मिनी एसी' घ्या. पाण्याची छोटी टाकी, एक पंखा, ओला होणारा पडदा. हा एसी नाही, पाण्याचं बाष्पीभवन करून हवा गार करणारा कूलर आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, इतकी उष्णता शोषली जाते. टाकी अर्ध्या लिटरची आहे आणि खोक्यावर 'पाच तास चालतो' असं लिहिलं आहे. म्हणजे पाच तासांत सुमारे ०.३३ युनिट, अर्थात ६७ वॅट. एक टनाचा खरा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता खोलीबाहेर फेकतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातूनच १०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडत असते. मिनी एसी समोर घेऊन बसलेला माणूस त्या यंत्राहून जास्त ताकदवान हीटर आहे! आणि यंत्र उष्णता बाहेर टाकत नाही, वाफेच्या रूपात खोलीतच ठेवतं. खिडक्या बंद असतील तर दमटपणा वाढत जातो आणि दमटपणा वाढला की बाष्पीभवन मंदावतं. याचा अर्थ वस्तू फसवी असा नाही. कोरड्या हवेत, तोंडापासून दोन फुटांवर तिचा झोत सुखाचा वाटू शकतो. पण 'खोली गार करतो' हा दावा खोकं बंद असतानाच निकालात निघाला. तपासायचं उरलं ते एवढंच, की दोन फुटांवरचा झोत साध्या पंख्याच्या झोतापेक्षा किती गार लागतो.

दुसरं उदाहरण सौर पॉवर बँकेचं. पाठीवर काळी पट्टी असते, १५ सेंटिमीटर लांब आणि ७ रुंद. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं. त्या पट्टीच्या वाट्याला येतं साडेदहा वॅट. त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलला तरी हातात दोन वॅट. आत १०,००० एमएएचची बॅटरी आहे, म्हणजे ३७ वॅट-तास. भागाकार करा: अठरा तास, तेही मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून न हलता. प्रत्यक्षात पट्टीचा कोन चुकतो, ढग येतात, विजेची गळती होते, आणि असं कडक ऊन दिवसातून चार-पाच तासच मिळतं. चार-पाच दिवस धरून चाला. वर उन्हात ठेवलेली लिथियम बॅटरी तापते, आणि ताप हा तिचा शत्रू. इतकं कळल्यावर रिव्ह्यूचा प्रश्नच बदलतो. 'सूर्यावर चार्ज होते का?' हे विचारण्यात अर्थ नाही. 'अडीअडचणीला एक फोन करण्यापुरतं चार्जिंग किती तास उन्हात ठेवल्यावर मिळतं?' हे मोजा. वाचकाला तेच हवं असतं.

काही दावे मात्र गणितापर्यंतही पोचत नाहीत. सॉकेटमध्ये खोचून 'वीज वाचवणाऱ्या' डब्या मिळतात. आत बहुधा एक कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा छोटा भाग) आणि लुकलुकणारा एलईडी असतो. घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा मोजतो. कपॅसिटर जी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (खर्च न होता तारांतून नुसती ये-जा करणारी वीज) सुधारतो, तिचं बिल घराला सहसा लागतच नाही. मग वाचणार काय? अल्ट्रासॉनिक आवाजाने उंदीर-झुरळं पळवणाऱ्या यंत्रांचीही तीच तऱ्हा. २००१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६०हून अधिक कंपन्यांना 'दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा' म्हणून ताकीद दिली होती. अशा वस्तूंचा रिव्ह्यू जरूर लिहा, पण 'लावल्यापासून झुरळं दिसली नाहीत' एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. न लावताही कधीकधी दिसत नाहीत.

खोकं उघडताना

यावर फार वेळ घालवू नका. खोक्याच्या फोमचं वर्णन वाचून कोणाचं भलं झालेलं नाही. तीन कामं तेवढी करा. वस्तूचं वजन स्वतः करा, कारण खोक्यावरचं वजन बऱ्याचदा केबल-स्टँड सोडून असतं. वस्तू हातात धरून एक फोटो घ्या, म्हणजे आकार कळेल. जाहिरातीतल्या चित्रांत सगळंच तळहाताएवढं दिसतं. तिसरं, चार्जिंगची केबल.

केबलचं जरा समजून घ्या, कारण नवशिक्याला हा दोष हमखास चुकतो. पुष्कळ छोट्या गॅजेटांना यूएसबी-सी आकाराचं भोक असतं, पण आत दोन पैशांची बचत केलेली असते. यूएसबी-सीच्या नियमाप्रमाणे वीज घेणाऱ्या वस्तूत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. चार्जरला त्यांच्यावरूनच 'पलीकडे कोणीतरी आहे' हे कळतं. ते नसतील तर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर वस्तू चार्जच होत नाही. सोबत आलेल्या, एका बाजूला जुन्या चौकोनी यूएसबी-एच्या केबलवर मात्र व्यवस्थित होते. तुम्ही डब्यातलीच केबल वापरत राहिलात तर हे कधी कळणारच नाही, आणि वाचक प्रवासात एकच केबल घेऊन गेला की अडकेल. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही प्रकारच्या केबल लावून बघा.

घरची प्रयोगशाळा

लागतं किती? स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, मोजपट्टी, फोनमधलं स्टॉपवॉच, केबलमधून किती वीज गेली ते दाखवणारा एक यूएसबी मीटर, आणि सॉकेट व वस्तू यांच्यामध्ये लावायचा वॉटमीटर. शेवटचे दोन हळूहळू घ्या. पण जे काही घ्याल ते आधी स्वतः तपासा, नाहीतर चुकीच्या काट्याने दुसऱ्याची चूक काढत बसाल. वजनकाट्यासाठी पाणी पुरतं: एक लिटर पाणी घरच्या तापमानाला ९९६ ते ९९८ ग्रॅम भरतं. थर्मामीटरसाठी कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी नीट ढवळून ठेवा, शून्य अंश दाखवलं पाहिजे. उकळत्या पाण्यावर विसंबायचं तर आपण किती उंचीवर राहतो ते बघा. दर ३०० मीटर चढलं की उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. दमटपणा मोजणाऱ्या छोट्या यंत्रासाठी मिठाची युक्ती आहे. झाकणात मीठ घ्या, जेमतेम ओलं होईल इतकं पाणी घाला, यंत्रासोबत बंद पिशवीत ठेवा. सात-आठ तासांनी आत ७५ टक्के आर्द्रता स्थिरावलेली असते. यंत्र ६८ म्हणत असेल तर त्याचं ऐकताना सात मिळवायचे.

आता नेहमी लागणाऱ्या दोन चाचण्या जरा सविस्तर सांगतो.

पॉवर बँक. खोक्यावरचा एमएएचचा आकडा खोटाच असतो असं नाही, पण तो आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. बाहेर वीज येते ५ व्होल्टवर. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्टवर त्याचे झाले ७,४०० एमएएच, आणि व्होल्टेज बदलताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात. हातात उरतात ६,३०० ते ६,६००. म्हणून यूएसबी मीटरवर ६,४०० आले तर 'कंपनीने लुबाडलं' असं लिहू नका. हीच चांगली पॉवर बँक. ४,००० आले तर मात्र खुशाल लिहा. मी वॅट-तासांतच मोजतो, म्हणजे व्होल्टेजचा घोळ राहत नाही. वाचकाला सांगताना पुन्हा भाषा बदला: ५,००० एमएएचचा फोन दोनदा नव्हे, साधारण दीडदा भरेल. चाचणी दोनदा घ्या, कारण पहिल्यांदा बँक पूर्ण भरलेली होती की नाही याची खात्री नसते. आणि विमानात नेता येईल का, हा प्रश्न वाचक विचारणारच: सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे आणि वस्तू हातातल्या सामानात ठेवावी लागते. पण विमान कंपनीचे स्वतःचे नियम बघायला सांगाच.

टॉर्च. लुमेन म्हणजे टॉर्चमधून निघणारा एकूण प्रकाश, लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड. '१,००० लुमेन, ८ तास' असं वाचलं की आपल्याला वाटतं आठ तास हजार लुमेन. टॉर्चसाठी एफएल १ नावाचं अमेरिकन मानक आहे, २००९ पासूनचं. त्यात प्रकाश मोजतात तो चालू केल्यावर ३० सेकंदांपासून २ मिनिटांच्या आत. आणि 'किती वेळ चालते' हे मोजतात ते प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे पाच मिनिटांनी ३०० लुमेनवर उतरून मग रडतखडत आठ तास काढणारी टॉर्चही नियमाप्रमाणे खरीच बोलते आहे. 'झोत २०० मीटर' याचा अर्थही असाच: २०० मीटरवर ०.२५ लक्स उजेड, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तिथे उभा असलेला माणूस ओळखू येईलच असं नाही.

ही चाचणी घरी करायला लुमेनचा आकडा लागतच नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आणि फोन ठरावीक अंतरावर ठेवा, फोनवर लक्स दाखवणारं अ‍ॅप लावा आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. फोनचा सेन्सर खरे लक्स दाखवेलच असं नाही, पण पहिल्या आकड्याच्या तुलनेत प्रकाश किती पडला, हे चांगलं कळतं. 'दहा मिनिटांत उजेड निम्म्याहून कमी झाला, मग तीन तास तसाच राहिला' हे एक वाक्य खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा उपयोगी आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. आयपी कोडमधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 'एक्स' म्हणजे शून्य नव्हे, त्या बाबतीत दर्जा जाहीर केलेला नाही, एवढंच. आयपीएक्स ४ म्हणजे चोहोबाजूंनी उडणारे शिंतोडे, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. गंमत अशी, की ७ मिळवलेली वस्तू नळाच्या जोरदार धारेला टिकेलच असं नाही, ती परीक्षा ५ आणि ६ची, वेगळी. आणि चाचणी साध्या पाण्यात होते, साबणाच्या किंवा समुद्राच्या पाण्यात नाही. जी वस्तू गमावायची तयारी नाही, ती बादलीत बुडवू नका.

आवाजाचे डेसिबल मी फोनवरून फार मोजत नाही. दोन वस्तू एकाच जागी, एकाच अंतरावरून, एकापाठोपाठ लावून 'ही हिच्यापेक्षा मोठी' इतकंच सांगतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आकडा सुमारे सहा डेसिबलने उतरतो, मग अंतर न सांगता दिलेल्या आकड्याला काय किंमत?

जे मोजता येत नाही त्याची यादी वेगळी करा. पाणी शुद्ध करणारं यंत्र जंतू किती काढतं, मनगटी पट्ट्याने सांगितलेला रक्तदाब बरोबर आहे का, हे घरी कळणारं नाही. तिथे लिहायचं: 'हा दावा मी तपासलेला नाही. फिल्टर बदलायला किती त्रास होतो, ते मात्र सांगतो.'

वापरत राहणं

मापं झाली की वस्तू रोजच्या जागी ठेवा आणि तिच्याबद्दल विचार करणं सोडून द्या. सोपं नाही हे. परीक्षण करायचं म्हणून आपण ती मुद्दाम वापरतो. म्हणून मी एक कागद वस्तूशेजारी चिकटवतो आणि आपणहून हात गेला की त्यावर रेघ मारतो. पहिल्या आठवड्यात रेघा भराभर पडतात. तिसऱ्या आठवड्यातल्या रेघा मोजा. शून्य असतील तर कारण शोधा: धुवायला कटकट? दरवेळी चार्ज संपलेलं? ठेवायला जागा नाही? बऱ्याच वस्तू काम वाईट करतात म्हणून बाद होत नाहीत. कामाआधीच्या आणि कामानंतरच्या कुटाण्यामुळे होतात. आठ पाती असलेलं चिरायचं यंत्र दोन मिनिटं वाचवतं आणि धुताना पाच खातं. तेव्हा वेळ मोजताना कपाटातून काढल्यापासून परत कपाटात जाईपर्यंतची मोजा.

तुलना कशाशी करायची? नवशिके तशाच दुसऱ्या गॅजेटाशी करतात. खरी तुलना आजवर ते काम आपण जसं करत होतो त्याच्याशी हवी, म्हणजे सुरीशी, दोरीशी, रिकाम्या हाताशी. ज्युसेरो नावाचं वाय-फायवर चालणारं रसाचं यंत्र अमेरिकेत निघालं होतं. कंपनीच्या बंद पाकिटातली चिरलेली फळं आणि भाज्या दाबून ते रस काढायचं. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी ते पाकीट यंत्रात न घालता हातांनी पिळून पाहिलं. रस निघाला, आणि जवळपास तेवढ्याच वेळात. सप्टेंबरमध्ये कंपनीने दुकान आवरलं. ही चाचणी करायला कुठलंही उपकरण लागलं नव्हतं.

वस्तू दुसऱ्यांच्याही हाती द्या, आणि देताना काही समजावू नका. डावखुऱ्या माणसाला बटण उलट पडतं का? हाताची पकड कमी झालेल्या आजीला झाकण उघडतं का? चष्मा नसताना आकडे दिसतात का? ते अडखळले की मदतीला धावू नका, वहीत लिहा. 'चुकून बटण दाबलं गेलं' असं तिघांनी म्हटलं तर चूक बटणाची आहे.

किती दिवस? मी छोट्या वस्तूला तीन आठवडे देतो, बॅटरीवरच्या आणि हलत्या सांध्यांच्या वस्तूला सहा. लिथियम बॅटरीची क्षमता ३०० ते ५०० चार्जिंगनंतर साधारण ८० टक्क्यांवर येते, ते सहा आठवड्यांत दिसणार नाही, पण बॅटरी बदलता येते की वस्तूच फेकावी लागते, हे पहिल्या दिवशीच बघता येतं. स्क्रू आहेत की सगळं गोंदाने चिकटवलंय, तेवढं लिहा.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. सॉकेटला लागणारी वस्तू उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. वापरताना प्लग हाताला चटका बसेल इतका तापला, जळका वास आला, बॅटरी फुगली, तर चाचणी तिथेच थांबवा. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, 'बघू अजून किती चालते' म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. तो रिव्ह्यू एका वाक्याचा झाला तरी चालेल, पण ते वाक्य सगळ्यात वर हवं.

लिहायला बसल्यावर

निकाल आधी सांगा. रहस्यकथा नाही ही. पहिल्या चार ओळींत वस्तू काय करते, तुम्ही किती दिवस वापरली, कोणाच्या कामाची, कोणाच्या नाही, हे आलं पाहिजे. 'कोणाच्या नाही' हे विसरू नका. 'सर्वांसाठी उत्तम' या शब्दांनी वाचकाला काहीच कळत नाही.

त्याच चार ओळींत वस्तू कशी मिळाली तेही लिहा: स्वतः घेतली, कंपनीने दिली, उसनी आणली. बऱ्याच देशांत पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण कायदा नसता तरी मी लिहिलं असतं. अमेरिकेतली १९३६ सालची कन्झ्युमर्स युनियन, जी आज कन्झ्युमर रिपोर्ट्स म्हणून ओळखली जाते, आणि जर्मनीतली १९६४ सालची स्टिफ्टुंग वारेनटेस्ट या संस्था परीक्षणासाठी वस्तू बाजारातून ग्राहकासारख्याच विकत घेतात. कारण साधं आहे: कंपनी स्वतः पाठवते तेव्हा ढिगातला कुठलाही नग उचलून पाठवते, असं समजायला आधार नाही. आपल्याला सगळं विकत घेणं परवडत नाही. मग निदान सांगावं. आणि हेही सांगावं की तुम्ही एकच नग वापरला आहे. माझ्या दिव्याची मान पडली म्हणून सगळ्यांच्याच पडतील असं नाही. पडणार नाहीत असंही नाही.

मधला भाग दाव्यांच्या त्या कागदावरून लिहा. खोक्यावर काय होतं, मी काय केलं, काय निघालं. विशेषणं खोडत चला. 'हलका' ऐवजी '१४० ग्रॅम', 'लवकर चार्ज होतो' ऐवजी 'पावणेदोन तास'. विशेषण एकदाच, शेवटी ठेवा, तेही तुमचं मत म्हणून. जिथे मोजमाप नाही तिथे प्रसंग लिहा: 'रात्री वीज गेल्यावर अंधारात बटण सापडायला तीन प्रयत्न लागले.' दोष सांगताना तो त्रासदायक आहे की जीवघेणा, हे स्पष्ट करा. खोक्याचा रंग आणि तापणारा प्लग एकाच यादीत एकाखाली एक आले की वाचक दोन्हींना सारखंच वजन देतो.

तारे द्यायचेच असतील तर आधी ठरवा की तीन म्हणजे काय. माझ्याकडे तीन म्हणजे 'खोक्यावर सांगितलेलं काम करते'. चार-पाच त्याहून जास्त, एक-दोन त्याहून कमी. असं न ठरवता दिलेले तारे नेहमी चारच होतात, बघा आठवून.

विनोद करा, पण विकत घेणाऱ्याला हसू नका. बाटलीचं झाकण उघडायच्या यंत्राची मीही यथेच्छ टिंगल केली होती. संधिवाताने बोटं आखडलेल्या एका बाईंनी कळवलं की त्या रोज तेच वापरतात. मी तो रिव्ह्यू नव्याने लिहिला आणि जुना मजकूर खाली तसाच ठेवला.

प्रसिद्ध झाल्यानंतर

कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरची एक तारीख टाका. त्या दिवशी वस्तू शोधा, कुठे सापडली ते लिहा, आणि रिव्ह्यूच्या अगदी वर, तारखेसकट, एक-दोन ओळी घाला. मधल्या काळात कंपनीने त्याच नावाखाली आतला माल बदललेला असू शकतो, म्हणून तुमच्या नगाचा मॉडेल क्रमांकही तिथे द्या. चूक सापडली तर गुपचूप पुसू नका, 'आधी अमुक लिहिलं होतं, ते चुकलं' असं लिहा.

दिव्याच्या रिव्ह्यूवर आता वरच एक ओळ आहे: 'तिसऱ्या आठवड्यात मान सैल झाली. बुडाशी पेन्सिल बांधून, चिकटपट्टी गुंडाळून वापरतो आहे. उजेड अजून चांगला आहे.'